चेहऱ्याची नस

“ऑपरेशन केलं तर कानाच्या नसेवरची गाठ निघून जाईल, पण शेजारची चेहऱ्याची नस दुखावली तर तोंड वाकडं होऊ शकतं,” सर्जन म्हणाले. “रेडिएशनमध्ये तो धोका कमी, पण गाठ आतच राहील. कानाची खात्री दोन्हींत नाही.”

“रेडिएशन,” सुतार तडक म्हणाला.

सर्जननी त्याच्या मिशी सफाचट केलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “अहो, गाठ डोक्यात ठेवून जगणार? या वयात रूपाचं काय घेऊन बसलात!”

सुतार बायकोकडे वळला. ती मघापासून त्याच्या तोंडाकडेच टक लावून बसली होती. आवाज न काढता त्याने नुसते ओठ हलवले, “घाबरू नकोस.” तिने मान डोलावली.

“जन्मापासून बहिरी आहे ती, माझ्या ओठांवरूनच ऐकते,” तो सर्जनना म्हणाला. “माझा कान गेला तरी चालेल, डॉक्टर. तिचा जायला नको.”