एका बाहीचा झगा

“वजन कमी आहे, बाळाला गार पडू देऊ नका,” दवाखान्यातून सोडताना नर्सने बजावलं, तेव्हा संचिता हसली होती. मालवणात कसली आलीय थंडी! जानेवारीतही दुपारी पंखे लावतात इथे. घरी आल्यावर सासूने नातीला तेल चोळून रीतसर न्हाऊ घातलं, आणि थोड्याच वेळात ते एवढंसं पोर दूध ओढेनासं झालं. पाय गार. रडण्यात जीव नाही. रिक्षा करून पुन्हा दवाखाना.

“उघड्या अंगाने छातीशीच ठेवा, दिवसरात्र,” या खेपेला नर्स बोलली, ते संचिताने शब्द न् शब्द ऐकलं. घरी परतल्यावर तिने ट्रंक उघडली. नवरा जितेंद्र बोटीवर असतो. त्याने कुठल्याशा थंड बंदरातून आणलेलं लोकरी ब्लँकेट पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेलं होतं. ते तिने दोनदा धुतलं, कडक उन्हात घातलं आणि कापलं. स्वतःसाठी झगा बेतला. पुढे एकावर एक येणारे पदर, बांधायला नाडी, आत पिशवी. बाळ तिच्या छातीला उघडं चिकटून, वरून लोकर.

बारशाच्या सकाळी झगा होत आला होता, एक बाही राहिली होती. बाळ आत होतं, म्हणून अंगात ठेवूनच ती बाही टाचत होती.

“अंगावर कपडो कोण शिवता गो?” सत्यवती, तिची सासू, दारातूनच ओरडली. “अवलक्षण तां! काढ आनी शिव.”

“काढलो तर चेडू उघडा पडतला, आई.”

“आमी काय पोरां वाढवली नाय? जितेंद्र ह्याच घरात नागडो फिरलो.”

“ते पुऱ्या दिवसांचे झाले. ह्यां लवकर इला.”

ऊन पडवीत आलं तसं घर बायकांनी भरलं. पाळण्याला अबोलीचे वळेसर बांधले होते. शेजारच्या शेवंतीने संचिताला पाहिलं आणि तोंडावर हात नेला.

“काय गो, काश्मिराक चललंस? आनी दुसरी बाही खंय इसारलंस?”

सगळ्या खिदळल्या. संचिताने सुईत नवा दोरा ओवला.

“हाड चेडवाक,” सत्यवतीने हात पुढे केले. “पाळण्यात घालूया.”

“नाय.”

संचिताने झग्याची नाडी आवळली.

“नाय म्हणजे? बारसां चेडवाचा की तुझ्या झग्याचा?”

“नाव ठेवा, गाणी म्हणा. चेडू भायर येवचा नाय.”

“मगे पाळण्यात काय घालू? तुझां डोक्यां?”

पाळण्याशेजारी कुंची घातलेला, कुंकू लावलेला वरवंटा तयार होता. तो आधी पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा आणि मग बाळाशेजारी निजवायचा, ही रीत. संचिताने हातातल्या सुईनेच तो दाखवला.

“तो घाला. त्याका थंडी वाजत नाय.”

कुणी फिसकन हसलं, कुणी नाक मुरडलं. सत्यवतीने वरवंटा उचलला आणि पाळण्यात जवळजवळ आदळलाच. दोरी ओढली. पाळणा कुरकुरत हलला, आणि बायका त्या दगडाला निजवत पाळणा म्हणू लागल्या.

नाव सांगायला आत्या आली, सारिका. ती सवयीने पाळण्याकडे वळली, थबकली, आणि संचिताच्या गळ्यापाशी वाकली.

“कान खंय आसा गो?”

“हय. डावीकडे.”

लोकरीच्या घडीत तोंड घालून सारिका कुजबुजली, “आनंदी.” आता रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे. बायकांनी हात उगारले, तोच संचिताचा बाही नसलेला हात मध्ये आला.

“हळू. आत माणूस आसा.”

मग पंगती बसल्या. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, हसणं, आग्रह. आतल्या खोलीत संचिता भिंतीला टेकून होती, एक हात छातीवरच्या गाठोड्याखाली. सत्यवती तिकडे फिरकली नाही. रागाने की गडबडीत, कोण सांगणार.

कट्टा गावाच्या बाजूने येत असाल तर रस्त्यालगत माडांतलं पहिलंच घर आहे. जरा आत डोकावा. बाळाला बघायला मागू नका. बाळ आता जोमाने दूध ओढतंय, आणि त्याची चौकशी सगळेच करतात. संचिताला कुणी वाढलंय का, तेवढं बघा. ती ‘जेवलंय’ म्हणेल. ऐकू नका.