दोन नंबरची दोरी

लॅकीने आठ कार्डं टेबलावर मांडली, तेव्हा एफीने अजून अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता.

प्रत्येक कार्डावर शवपेटीचा छोटा आराखडा होता आणि तिच्याभोवती एक ते आठ आकडे. ज्याला कार्ड मिळेल त्याने त्या आकड्याची दोरी धरायची आणि सगळ्यांनी मिळून पेटी खड्ड्यात उतरवायची. लॅकी मूळचा सुतार. बेटावरच्या शवपेट्या तोच करायचा आणि पुरण्याची सगळी व्यवस्थाही तोच बघायचा. उद्या अकरा वाजता एफीच्या भावाला, आर्चीला, उतरवायचं होतं.

"एक नंबर तू, डोक्याशी," लॅकी म्हणाला. "तीन ते आठ शेजारचे. सगळे हो म्हणालेत. दोनचं काय?"

दोन नंबरची दोरी पायाशी असते. ती मेलेल्याच्याच आडनावाच्या माणसाने धरायची, ही इथली रीत.

"रुअरीचा फोन आला होता," एफी म्हणाली. रुअरी हा आर्चीचा एकुलता मुलगा, समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. "धुकं आहे म्हणे. हेलिकॉप्टर उडत नाही."

"खरंच धुकं आहे?"

"असेल."

लॅकीने सात कार्डं उचलून खिशात घातली. "मग मी माझा माणूस उभा करतो. कोणाला कळणार आहे?"

"पायाशी पगारी माणूस? आर्चीला कळेल."

"एफे, तो मेलाय."

"म्हणून तर. आता त्याला दुसरं काम काय आहे?"

लॅकी हसला नाही. "चारपर्यंत सांग," एवढंच म्हणून तो गेला. दोन नंबरचं कार्ड टेबलावरच राहिलं.

बेटावर मॅकएकर्न आडनावाची आता ती एकटीच होती. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर मात्र तेवीस होते. काळा लाकडी फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत या आडनावाचे नामवंत, आणि कोणी अक्षरांना हात लावू नये म्हणून पुढे दोन पितळी खांबांना अडकवलेली जाड लाल दोरी. एकतीस उन्हाळे एफी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ही खोली उघडत आली होती. आजही उघडली, कारण घरी आर्चीची खुर्ची होती.

बोटीचा भोंगा झाला. वीस मिनिटांनी एक उंच, सत्तरीचा माणूस आत आला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद होते.

"मी ग्लेन मॅकएकर्न," तो म्हणाला. "कॅनडाहून. बस चालवायचो." आणि तो फलकापुढे जाऊन उभा राहिला. "अरे वा! केवढे आहेत हे!"

एफीने खिडकीबाहेर बघत नेहमीचं सुरू केलं. ॲडमिरल, तीन लढाया. बिशप. पूल बांधणारा. शेवाळाच्या एकसष्ट जाती शोधणारी बाई. मुष्टियोद्धा, नाक दोनदा मोडलेला. तिची जीभ चालत होती आणि ती स्वतः कुठे तरी बसून राहिली होती.

"बाई, या ॲडमिरलचा मी कोणी लागतो का, तेवढं बघाल?" ग्लेनने कागद पुढे केले. "आमचे आजोबा म्हणायचे, लागतो."

"सगळ्यांचेच आजोबा म्हणतात. ॲडमिरलला मूलबाळ नव्हतं. भाऊही नव्हता."

ग्लेनने कागद हळूच परत पिशवीत घातले. पिशवीचं तोंड बंद करायला त्याला बराच वेळ लागला.

"यातले इथं किती पुरलेत?" त्याने विचारलं. "निदान फुलं तरी ठेवून जाईन."

"एकही नाही. पाच जण इथं जन्मले. पाचही बेट सोडून गेले."

एफीने टेबलावरच्या कार्डाकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. मोठे होते. स्टिअरिंग धरलेले.

"उद्या अकरा वाजता काय करताय?"

"माझी बारा वीसची बोट आहे."

"पुरेल तेवढा वेळ." तिने कार्ड त्याच्यापुढे सरकवलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"पण मी तुमचा कोणीच लागत नाही. आत्ता तुम्हीच म्हणालात."

"ॲडमिरलचे लागत नाही, म्हणाले."

ग्लेनने कार्ड लांब धरून आराखडा नीट वाचला. मग फलकाकडे मान वळवली. "तुमचे भाऊ यांत कुठले?"

"अक्षरं," एफी म्हणाली. "सगळी त्याची. होड्यांवरची नावं रंगवायचा तो."

ग्लेन पुढे झाला. बराच वेळ तो ॲडमिरलचं नाव बघत राहिला, पण आता नाव वाचत नव्हता. "मी कधी असलं काही धरलेलं नाही," तो म्हणाला. "वजन किती असेल?"

"पेटीसकट एकशे तीस किलो. आठांत वाटलं तर सोळा. बटाट्याचं पोतं याहून जड असतं."

तिने पितळी खांबांवरून लाल दोरी काढली. एक टोक स्वतःकडे ठेवलं, बाकीची दोरी त्याच्या हातात दिली.

"तळहाताला दोन वेढे. हं. खाली बघायचं नाही, लॅकीच्या तोंडाकडे बघायचं. तो मान हलवेल तसतशी सोडायची, हाताहातानं. झटका द्यायचा नाही."

ग्लेनने पाय रोवले. एफी जरा मागे रेलली. मग आणखी जरा. कालपासून ती कशालाच टेकली नव्हती. दोरी ताठ झाली आणि ग्लेनने ती इंचाइंचाने सोडत नेली, तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून.

दोरी संपत आली तसा तो थांबला. "आणि हात कधी काढायचा?"

"तळ लागला की हाताला कळतं," एफी म्हणाली. "अजून नाही लागलेला. धरून ठेवा."