एकाच चाकाचा आउट

चाक आजही आउटच होतं, फिरताना एका बाजूला मारत होतं.

भाचीने दप्तर खिळ्याला अडकवलं, भिंतीत रोवलेल्या सायकलच्या जुन्या चिमट्यातलं ते चाक गरागरा फिरवलं आणि कपाळावर हात मारला. काल संध्याकाळी तिने ते असं सरळ केलं होतं, की कडेला धरलेल्या खडूचा ठिपकासुद्धा उमटत नव्हता. आज खडू धरला, तर निम्म्या रिमवर पांढरा पट्टा!

"आत्या! हे चाक आहे की कुत्र्याचं शेपूट?"

"शेपटाला नावं ठेवू नकोस, शहाणे. हात कच्चा आहे तुझा," आत्या म्हणाली. ती दोन्ही हातांच्या ओंजळीत कप धरून चहा पीत होती. कप अर्धाच. हल्ली पूर्ण कप तिला नको असायचा.

सायकलदुरुस्तीचं दुकान आत्याचं आणि नियमही आत्याचा. हे एक चाक सरळ राहिलं, की मगच गिऱ्हाइकाच्या सायकलला हात! गेले तीन महिने भाची शाळेतून यायची ती थेट चाकाशी कुस्ती खेळायला. चाक तरी काय, रस्त्यावरच्या कुठल्याही सायकलला असतं तसलंच साधं, छत्तीस स्पोकांचं. पण नखरे केवढे! परवा डावीकडे मारत होतं, काल उजवीकडे, आणि मध्येच एकदा तर अंड्यासारखं वर-खाली उड्या मारत होतं.

त्यात आईने तारीखच दिली होती. "महिनाअखेरपर्यंत आत्याने एक तरी खरी सायकल तुझ्या हाती दिली तर बरं. नाहीतर दुकान बंद, शिकवणी सुरू."

महिना आज संपत होता.

आत्याचं काय जात होतं? तिच्या चाकांचं नाव चार गल्ल्या सोडून पलीकडेही होतं. हँडल सरळ करणं, चेन ताणणं ती गिऱ्हाइकासमोरच उरकायची, हातोडीचे दोन ठोके आणि पान्याचा एक हिसका. चाक असलं की मात्र, "ठेवून जा. उद्या सकाळी न्या."

"मला एकदा बघू दे ना," भाची म्हणायची.

"तू शाळेत असतेस तेव्हा होतं ते. बघे जमले की माझा हात चालत नाही."

भाचीच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. कुणीतरी मुद्दाम स्पोक सैल करतंय! म्हणून सोमवारी तिने चाक सरळ केल्यावर एका स्पोकवर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. मंगळवारी चाक आउट, ठिपका गायब. मंगळवारी हिरवा दिला, बुधवारी तोही गायब. काल मैत्रिणीकडून खास उसनं आणलेलं सोनेरी.

आज सोनेरीही नव्हतं.

"आत्या, खरं सांग. तूच सैल करतेस ना?"

आत्याने कप खाली ठेवला. बशीत जरा खडखडला. "तुझी शपथ. चाकाच्या एकाही स्पोकला मी हात लावलेला नाही."

"मग एकदा करून दाखव!" भाचीने स्पोकची चावी तिच्यापुढे धरली.

आत्याने हात काखेत घातले. "मी कशाला करू? शिकायचंय कुणाला?"

झालं! भाचीने दातओठ खात चावी फिरवायला सुरुवात केली. पाव फेरा इकडे, अर्धा तिकडे. अर्ध्या तासाने चाक फिरलं ते जागच्या जागी थांबल्यासारखं दिसलं. खडू कुठेच लागेना.

"आता बोल!"

आत्याने फिरत्या चाकाकडे कान दिला. क्षणभर तिचे डोळे हसल्यासारखे झाले. "उद्या बघू."

"उद्या पुन्हा आउट होईल! मला नाही यायचं उद्या. कधीच नाही."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "असं नको ग करूस. हवं तर तुझ्या आईशी मी बोलते. पण ये."

"एका फडतूस चाकासाठी?"

"चाकासाठीच," आत्या पुटपुटली.

भाचीने चावी बाकावर आपटली, दप्तर ओढलं आणि तरातरा कोपऱ्यापर्यंत आली. सिग्नल लाल होता. पुढे टपालवाल्या काकू सायकल टेकवून उभ्या होत्या.

"काय ग, तोंड का फुगलंय? ही बघ तुझ्या आत्याची करामत! चाक कसं लोण्यासारखं पळतंय. हात आहे की जादू!"

डोळ्यांतलं पाणी काकूंना दिसू नये म्हणून भाचीने मान खाली घातली. समोर काकूंचं पुढचं चाक होतं. एका स्पोकवर जांभळा ठिपका होता.

शेजारी दूधवाला येऊन थांबला. त्याच्याही पुढच्या चाकात हिरवा.

आणि सिग्नल सुटल्यावर वळणावरून घंटी वाजवत गेलेल्या शाळेच्या शिपाईकाकांच्या चाकात, दर फेऱ्याला एकदा, काहीतरी सोनेरी चमकत होतं.