वळणावरचा बुटका पूल

सुट्टीसाठी हे किनाऱ्यावरचं गाव नवऱ्यानेच शोधलं. "मीही पहिल्यांदाच येतोय," असं कुणी न विचारता त्याने दोनदा सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आज आम्ही खाडीत होडीतून फिरत होतो. तो माझ्यासमोर, पुढच्या वाटेकडे पाठ करून गप्पा मारत बसला होता. वळणावर एकदम बुटका पूल आला. नावाडी ओरडायच्या आधीच नवऱ्याने मान वाकवली. "कमाल आहे साहेब. नवखे पाहुणे इथे हमखास डोकं आपटून घेतात," नावाडी म्हणाला. नवरा हसला. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. मान वाकवताना तो हात आपोआप शेजारच्या रिकाम्या जागेवर गेला होता, लहान मुलाचं डोकं अलगद खाली दाबावं तसा. आम्हाला मूल नाही. "तिकडे हात कशाला नेलास?" "तुझी पिशवी पडेल वाटलं." पिशवी माझ्या मांडीवर होती.