खोकल्याचा आलेख

चष्म्याच्या काचा घासून पोट भरणाऱ्या त्या माणसाला छोटे छोटे प्रोग्राम लिहायचा नाद होता. टाकी भरली की शिट्टी वाजवणारा, कुंड्यांना पाणी घालायची आठवण करणारा, शब्दकोडं सोडवणारा, असे सव्वीस प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपमध्ये जमले होते. सत्ताविसावा बायकोचा खोकला मोजायचा. तिच्या उशाशी माइक ठेवला, की रोजच्या खोकल्याचा आलेख आपोआप तयार व्हायचा.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. लॅपटॉपही बरोबर घेतला. डॉक्टरीणबाईंनी तिची छाती तपासली, एक्स-रे उजेडात धरला आणि मग तो आलेख बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे तुम्ही घरी केलंत?"

"हो. नोकरी सांभाळून."

"आकडे बरोबर आहेत?"

"एकही खोकला सुटत नाही," तो खुर्चीत सरसावून बसला. "आधी माझाही मोजायचा. ते दुरुस्त केलं."

"आठ महिने आकडा चढतोच आहे. यांना तेव्हाच का नाही आणलंत? तेव्हा काहीतरी करता आलं असतं."

त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. बायकोच त्याची बाजू सावरायला पुढे झाली.

"मी म्हणत होते, बाई. पण औषधाने खोकला थांबला असता, तर यांचा प्रोग्राम अर्धवट राहिला असता. म्हणून हे म्हणाले, जरा कळ काढ."