उघडी जोडणी

तिसऱ्यांदा सर्व्हर बसला तेव्हा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, उद्या सकाळी हे सुरू व्हायचंय. मला आकडे हवेत, रडगाणं नको."

रुग्णवाहिका बोलावण्याचं ते नवं अ‍ॅप होतं. सगळ्या शहराने एकदम मागणी केली तर सर्व्हर तग धरतो का, हे खोट्या गिऱ्हाइकांचा लोंढा सोडून पाहायचं, हे ताईंचं काम.

"मागण्यांना तो पुरून उरतो," ताई म्हणाल्या. "दमतो दार उघडताना. नवा फोन आला की कोण, कुठला विचारा, कुलूप काढा, आत घ्या. गर्दी दाराशीच चेंगरते."

"मग दार एकदाच उघडा. आत आलेल्यांनाच पुन्हा पुन्हा मागू द्या."

"म्हणजे फोनची सर्व्हरशी जोडणी उघडीच ठेवायची. आकडे झकास येतील. पण खरी माणसं आधीपासून आत बसलेली नसतात, साहेब. ती बाहेरून येतात, घाबरलेली."

"सगळं शहर काय एका मुहूर्तावर आजारी पडणार आहे?" साहेबांनी चष्मा पुसला. "जमत नसेल तर तसं सांगा. तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेत पुष्कळ."

ताईंनी जोडण्या उघड्या ठेवून चाचणी लावली. आलेख साचलेल्या पाण्यासारखा सपाट आला. साहेबांनी सही ठोकली.

"बघा. उगाच बाऊ करत होतात."

चाचणी संपली तशा सगळ्या जोडण्या एकेक करून मिटल्या. एक तेवढी उरली.

"ही चिकटून बसलीय," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "तोडू?"

"राहू दे. घरचीच आहे."

ती ताईंच्या मुलीच्या फोनची होती. मुलीला नववा महिना लागला होता. मागच्या खेपेला रुग्णवाहिका उशिरा पोचली होती. घरात तो विषय कोणी काढत नसे. या वेळी ताईंनी स्वतःच्या हाताने तिच्या फोनवर अ‍ॅप घातलं आणि जोडणी कधी मिटणार नाही अशी तजवीज करून ठेवली. सारं जग दाराशी चेंगरलं तरी लेक आधीच आत असणार होती.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"आई, काय करून ठेवलंस गं या फोनचं? बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही. सारखा चार्जरला टांगलेला."

"टांगलेला का असेना. बंद करायचा नाही."

"तुला नातवंडापेक्षा त्याचीच काळजी."

"वात्रटपणा पुरे. फिरायला जातेस ना रोज?"

"जाते गं बाई. नाही गेले तर तुझा जावई जेलरसारखा डोळे वटारतो."

दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. रुग्णवाहिकेचा जुना फोन नंबर सकाळीच बंद करण्यात आला. दुपारपर्यंत तुरळक मागण्या आल्या, तुरळक गाड्या धावल्या. साहेब शीळ घालत फिरत होते.

ऊन उतरताना नदीपलीकडच्या रंगाच्या गोदामाला आग लागली. काळा धूर वस्त्यांवर पसरला आणि घराघरांत माणसांनी एकदमच फोन हाती घेतले.

आलेख भिंतीसारखा उभा चढला. आत कोणीच बसलेलं नव्हतं. सगळे बाहेरूनच येत होते. ज्याच्या त्याच्या फोनवर एकच शब्द उमटू लागला: 'थांबा'. आवारात रिकाम्या रुग्णवाहिका रांगेने उभ्या होत्या आणि चालक एकमेकांची तोंडं बघत होते.

"अनोळखी नंबर कोणी उचलायचा नाही," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बातमीवाले असतील."

ताईंचा फोन थरथरला. अनोळखी नंबर. त्यांनी तो पालथा ठेवला.

मग त्यांनी पडद्यावर ती एक जोडणी शोधली. होती. हिरवी, जिवंत, गप्प. काही मागत नव्हती, म्हणजे लेक सुखरूप होती. ताईंच्या जिवात जीव आला. शहर दार बडवत होतं आणि आपल्याला हायसं वाटतंय, याची त्यांना लाजही वाटली. पण आईचं काळीज लाजेला कुठे जुमानतं.

पालथा फोन पुन्हा थरथरला. थांबला. परत सुरू झाला. तोच नंबर.

साहेब वरच्यांची बोलणी खायला बाहेर गेले होते. ताईंनी फोन उचलला.

"आई?" आवाज धापा टाकत होता. "किती वेळ फोन लावतेय तुला. बागेत आहे मी, बाकावर. कळा थांबत नाहीयेत. या काकूंनी त्यांच्या फोनवरून गाडी मागितली, तर नुसतं 'थांबा' येतंय."

"तुझ्या फोनवरून माग," ताई ओरडल्या. "तुझ्याच फोनवरून."

"तो घरी आहे, आई. चार्जरला."