मुठीखालची नावं

धनुष्य तयार होऊन आठवडा झाला, तरी त्यावर काय कोरायचं हे शाल्मलीच्या घरच्यांचं ठरेना. ते घडवणाऱ्या ठोंबरेकाकांनी कोरणी खाली आपटली.

"आधी 'कुलस्वामिनी प्रसन्न' घाला," वडील म्हणाले.

"खाली 'मामांकडून सप्रेम भेट'. ठळक हं!" भाचीला धनुष्य घेऊन देणारे मामा म्हणाले.

"आडनाव मात्र नको," आत्याने बजावलं. "उद्या लग्न झालं की बदलेल. उगाच खाडाखोड."

"अहो, हे धनुष्य आहे! रुखवतातली परात नाही!" ठोंबरेकाका कडाडले. कुठल्या गाठाळ लाकडानंही त्यांचं इतकं डोकं खाल्लं नव्हतं. "जिचं आहे, तिला विचारलंत का कुणी?"

दाराशी उभी असलेली शाल्मली पुढे आली. तिने धनुष्य उचललं, मूठ आवळली आणि नेम धरून पाहिला.

"काका, यांचं सगळं इथे घाला, मुठीवर. पकडही चांगली बसेल."

काकांनी निरखून पाहिलं. तिच्या बोटांआड मुठीचं तसूभरही लाकूड दिसत नव्हतं. त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

"आणि वर, या मोकळ्या जागेत?"

"माझं नाव. आडनावासकट."